दंडावरचा सेन्सर रात्री ६१ दाखवतो, बोटातून १०४. कोणता आकडा धरायचा?

कृष्णाकाठ

बाबा ६८ वर्षांचे, टाइप २ मधुमेह बरीच वर्षं. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या, रात्री साडेनऊला ग्लार्जिन इन्सुलिन १४ युनिट. डॉक्टरांनी १४ दिवसांचा शुगर सेन्सर लावायला सांगितला. डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला लावलाय, आज दहावा दिवस. आई-बाबा सांगलीत, मी पुण्यात. मुख्य ॲप बाबांच्या फोनवर, आणि त्यांचे आकडे दिसणारं जोडीचं ॲप माझ्या फोनवर.

अडचणी अशा. दहापैकी चार रात्री शुगर कमी झाल्याचा अलार्म वाजला. कालचं सांगतो: २.५० ला ६१. आईने उठवून ३.०० ला बोटातून बघितली तर १०४. ३.१५ ला सेन्सरवरही ९७ आली. घाम नाही, थरथर नाही. दुपारी उलटं: जेवायला बसल्यापासून पाऊण तासाने सेन्सर १६८ आणि बाण सरळ वर, बोटातून मात्र २०१.

शिवाय आठव्या दिवसापासून चिकटपट्टीची कड सुटतेय. आणि रात्रीचे अलार्म माझ्या फोनवर वाजतच नाहीत, सकाळी ॲप उघडल्यावर कळतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचाय. त्यात ‘७० च्या खाली २%’ (म्हणजे एकूण वेळाच्या २%) येतंय. सेन्सर खराब आहे का? बदलून मागू का?

टोचणी

खराब वाटत नाही. रात्रीच्या फरकाचं कारण वेगळं, दुपारच्या फरकाचं वेगळं. दोन्ही एकत्र केले की गोंधळ होतो.

दुपारचं आधी. सेन्सरचा तंतू रक्तवाहिनीत नसतो, कातडीखाली पेशींच्या मधल्या द्रवात असतो. साखर आधी रक्तात चढते आणि मग तिथे झिरपते, त्यात साधारण ५ ते १० मिनिटं जातात. शुगर स्थिर असली की हा उशीर दिसत नाही, चढता-उतरताना दिसतो. बाण सरळ वर म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त अंकांनी चढतेय. १० मिनिटांचे २० धरा, १६८ चे १८८ झाले. राहिला १३ चा फरक, तो बोटातून बघायच्या मीटरच्या पदरात टाका. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकात १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ अंक इतकी चूक चालते, आणि तीही शंभरातल्या ९५ तपासण्यांसाठी. खरी शुगर १९० असताना मीटरने १६५ दाखवली काय नि २१५ दाखवली काय, मीटर नियमातच आहे. बोटातला आकडाही काही ब्रह्मवाक्य नव्हे.

ताडून बघायचंच असेल तर बाण आडवा असताना बघा: सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर तीनेक तासांनी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा चिरून किंवा केळं सोलून झाल्यावर नुसतं स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसलं तर साखर बोटावर राहते आणि आकडा भलताच चढा येतो. सुई बोटाच्या कडेला टोचा. बोट पिळून थेंब काढू नका, पेशींमधलं पाणी मिसळतं. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट लावा. पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी हा घरोघरचा घोटाळा आहे.

आता रात्रीचं. बाबा डाव्या कुशीवर झोपतात का? दंड अंगाखाली दाबला गेला की सेन्सरभोवतीच्या जागेत द्रवाची ये-जा मंदावते. तेवढ्या जागेतली साखर संपते, शरीरातली नाही. आलेखात हे ओळखू येतं: चांगली १०५-११० वर चाललेली रेघ दहा-पंधरा मिनिटांत कड्यावरून पडावी तशी खाली येते, तळाला सपाट राहते आणि कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर येते. तुमच्याकडे ६१ वरून २५ मिनिटांत काहीही न खाता ९७ झालीय. इन्सुलिनने खरंच उतरलेली शुगर असं सहसा करत नाही. ती हळूहळू उतरते आणि चढायलाही वेळ घेते.

पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावा. तोवर रात्रीपुरता कमीचा अलार्म ७० वरून ६० वर आणलात तर आईची झोप तरी होईल.

मधुमित्र

वरचं सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. अलार्म ६० वर आणू नका.

ग्लिमेपिराइड अधिक रात्रीचं इन्सुलिन, वय ६८. शुगर खरोखर घसरण्याचा धोका ज्यांना असतो त्यात हे नेमके बसतात. वय वाढलं, मधुमेह जुना झाला की घाम-थरथर ही लक्षणंही बोथट होतात, त्यामुळे ‘घाम नव्हता’ हा पुरावा धरू नका. चार अलार्म खोटे निघाले म्हणून पाचवा खोटाच असेल असं नाही. अलार्म ७० वरच ठेवा आणि क्रम ठरवून टाका: वाजला की उठवायचं, बसवायचं, लगेच बोटातून बघायचं. बोटात ७० च्या वर आणि माणूस ठीक, तर दंडावरचा भार काढून १५ मिनिटांनी सेन्सर पुन्हा बघायचा. बोटातही ७० च्या खाली, किंवा मीटर हाताशी नाही आणि माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, तर वाट न बघता साखर द्यायची.

किती? १५ ग्रॅम. म्हणजे चहाचे तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून, किंवा तितकीच ग्लुकोज पावडर. पेढा, शेंगदाण्याचा लाडू, दूध, चॉकलेट नको. स्निग्धांशामुळे साखर उशिरा शोषली जाते. १५ मिनिटांनी बोटातूनच बघा. इथेच लोक फसतात: टोचणी यांनी सांगितलेला उशीर उतरल्यावर चढतानाही असतो. रक्तात ९५ झालेली असते आणि सेन्सर अजून ६५ दाखवतो. घाबरून आणखी साखर, आणखी दोन बिस्किटं, आणि पहाटे २८० घेऊन उठायचं. पुन्हा ७० च्या खाली असेल तरच दुसरे १५ ग्रॅम.

शुद्ध नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

आणखी एक विचारतो, बाबा सी जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या घेतात का? घरोघरी ५०० मिलिग्रॅमच्या असतात. काही सेन्सरना दिवसाला ५०० पेक्षा जास्त चालत नाही, काही नव्यांची मर्यादा १००० आहे. तुमच्या खोक्यातलं माहितीपत्रक बघा. जास्त झालं तर आकडा खोटा वाढतो, म्हणजे खरी उतरलेली शुगर लपते. लिंबू सरबताची काळजी नको, एका लिंबात तेवढं नसतं.

तारायंत्र

फोनचा भाग मी घेतो. सेन्सर ते बाबांचा फोन हा रस्ता ब्लूटूथचा. बाबांचा फोन ते तुमचा फोन हा इंटरनेटचा. कुठलाही एक तुटला की पुण्यात काही वाजत नाही.

ब्लूटूथचा पल्ला मोकळ्यात सहाएक मीटर. मध्ये भिंत किंवा झोपलेला माणूस आला की कमी. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असेल तर संपलंच. उशाजवळच्या टेबलावर, सेन्सर ज्या बाजूला त्या बाजूला ठेवा. सिग्नल तुटल्याचा वेगळा अलार्म असतो, तो चालू आहे ना बघा. तुटला तरी आलेख जात नाही. सेन्सर ८ तासांचे आकडे स्वतःकडे ठेवतो, जोडणी आली की मधली रेघ भरून निघते. म्हणूनच तुम्हाला सकाळी सगळं दिसतं आणि रात्री काही वाजलेलं नसतं.

आता दोन्ही फोनवर: सेटिंग्जमध्ये ॲपच्या पानावर बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करा. स्वस्त अँड्रॉइड फोन रात्री बॅटरी वाचवायला मागचे ॲप सरळ मारून टाकतात, निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून ॲपला सूट द्या. ब्लूटूथ, लोकेशन आणि नोटिफिकेशन या तिन्ही परवानग्या तपासा. रात्री वायफाय बंद करायची सवय असेल तर मोबाइल डेटा चालू ठेवायला सांगा. सेन्सर लावलेला असताना फोनचं मोठं अपडेट घेऊ नका.

आणि तुमच्या फोनवरचा अलार्म हा दुसरा पहारा समजा. पुण्याहून तुम्ही साखर देऊ शकत नाही, फोनच करणार. तेव्हा आईच्या फोनचा रिंगर रात्री मोठा हवा.

हिरडा

चिकटपट्टीचं. सध्याच्या सेन्सरची सुटलेली कड उचकटू नका. भोवतीची कातडी कोरडी करून वरून खेळाडू लावतात तसली ताणाची टेप लावा. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा बनियनच्या बाहीत अडकून आधी सुटतो. सेन्सरच्या मधोमध बारीक भोक असतं, ते झाकायचं नाही. टेपला तेवढी खिडकी कापून घ्या.

पुढच्या वेळी लावताना: अंगाला तेल लावायचा दिवस सोडा. मॉइश्चरायझर नसलेल्या साध्या साबणाने जागा धुवा, केस असतील तर काढा, स्पिरिटने पुसा आणि मग पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर लावलेला सेन्सर आठवड्यात निघतो. लावल्यावर कडेने बोट फिरवून दाबा. आंघोळ चालते, घासणं चालत नाही. टॉवेल टिपायचा, ओढायचा नाही. काढताना खोबरेल तेल कडेला सोडून पाच मिनिटं थांबा.

पहिल्या दिवसाचे आकडे जरा कच्चेच असतात, कातडीला झालेली जखम निवळायची असते. त्यावरून काही ठरवू नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. बाबा डाव्या कुशीवरच झोपतात. चारही रात्रींचे आलेख काढले, रेघ अगदी कड्यासारखी पडलेली. साधारण ५०, ७०, ७५ आणि ५० मिनिटं. सी जीवनसत्त्व घेत नाहीत. फोन खरंच स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

एक वेगळंच दिसलं. चौथ्या दिवशी दुपारी ४० मिनिटं ७० च्या खाली, सगळ्यात खाली ६४. त्या वेळी अलार्म ऐकला नसावा, बोटातून बघितली नाही. त्या दिवशी एकादशी होती. सकाळी नुसता चहा, गोळ्या नेहमीप्रमाणे. साडेअकरापासून ९८, ९०, ८१ अशी उतरत गेली. दीडला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर अडीचला २४३.

मधुमित्र

ही खरी. रात्रीच्या चार बघता बघता दिवसाची राहून गेली असती.

हिशोब करा. दहा दिवसांची मिनिटं १४,४००, त्याचे २% म्हणजे २८८. रात्रीच्या चार खेपा मिळून २४५ आणि एकादशीच्या ४०, एकूण २८५. म्हणजे ते २% जवळपास सगळे दंड दाबल्याचे. वयस्क आणि जोखमीच्या रुग्णांसाठी २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ७० च्या खालचा वेळ १% पेक्षा कमी असावा असं ठरलंय. रिपोर्टवर २% आणि सगळं पहाटे तीनच्या आसपास दिसलं तर कोणीही डॉक्टर रात्रीचं ग्लार्जिन कमी करायचा विचार करतील, आणि मग सकाळची उपाशीपोटीची शुगर चढेल. दोष मात्र सकाळच्या ग्लिमेपिराइडचा आणि रिकाम्या पोटाचा. ही गोळी खाल्लं-न खाल्लं बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच.

म्हणून रिपोर्टसोबत एक कागद न्या: चार रात्रींच्या वेळा, बोटातून बघितलं असेल तिथे तो आकडा, कुशीची नोंद. खाली एकादशीची नोंद वेगळी. आणि विचारायचा प्रश्न एकच: उपासाच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची की नाही, किती? तो निर्णय घरी घेऊ नका, पण पुढची एकादशी यायच्या आत विचारून घ्या.

शक्य असेल तर १४ दिवस पूर्ण होऊ द्या. निदान ७० टक्के वेळाचे आकडे असले तर रिपोर्ट भरवशाचा. त्यातल्या सरासरीवरून काढलेला अंदाजी एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळला नाही तर हिमोग्लोबिनही तपासायला सांगा. लोहाची कमतरता असली की प्रयोगशाळेचा एचबीए१सी चढा येतो.

कृष्णाकाठ

कागद करतो. शेवटचं: काका म्हणतायत की न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ ऑनलाइन मिळतं, ते घ्यावं का?

टोचणी

नाही. न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्येच दिलाय. सेन्सरचे आकडे फोनवरून घड्याळावर दाखवणारी घड्याळं वेगळी, ती चालतात. पण मोजमाप दंडावरच होतं. काकांना म्हणावं, त्या पैशांत स्ट्रिपच्या डब्या आणा.

आणि सेन्सरचं खोकं टाकू नका. त्यावर अनुक्रमांक असतो. चौदा दिवसांआधी बंद पडला तर बदली मागताना तो लागतो, सोबत ॲपवरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट आणि काढलेला सेन्सरही जपून ठेवा.