उन्हाळ्यात घरचं लॉन कसं जगवलंत? अनुभव सांगा

मंडळी, चैत्र निम्मा सरला नाही तोच आमच्या अंगणातल्या गवताचा रंग उडायला लागलाय. घर तळेगावात, लॉन वीस बाय वीस फूट. नर्सरीवाल्याने 'सिलेक्शन वन' म्हणून दिलं, म्हणजे आपल्या हरळीचंच सुधारलेलं भावंड. बाबा अजून हसतात. आजोबांनी जन्मभर शेतातली हरळी खणून काढली आणि नातू तीच पैसे मोजून आणतो!

माझी चूक आधी सांगतो. गेल्या मार्चअखेर माळीदादांना म्हटलं, "एकदम बारीक कापा, पंधरा दिवस कटकट नको." ते नको म्हणत होते, मीच रेटलं. चौथ्या दिवशी पांढरे देठ वर आले, मधली माती उघडी पडली. दुपारी अनवाणी गेलो तर पायाला चटका बसला. ते टक्कल भरून यायला दीड महिना लागला. आता उन्हाळ्यात दोन इंचांच्या खाली कापत नाही, आणि एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच काढतो. उंच गवत आपल्या मुळांवर आपणच सावली धरतं.

तुमचं काय चुकलं, काय जमलं, लिहा. ऐकीव नको, स्वतःच्या अंगणातलं हवं.

नागपूर

तुमचा उन्हाळा म्हणजे आमचा फेब्रुवारी. इथे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला की संध्याकाळी सातलाही नळाला गरम पाणी येतं.

पहिली दोन वर्षं मी रोज संध्याकाळी पाइप घेऊन दहा मिनिटं शिंपडायचो. माझ्या मनाला गार वाटायचं, गवताला नाही. एकदा खुरप्याने एक ढेकूळ उचलून पाहिलं. वरचा अर्धा इंच ओला, खाली ठणठणीत कोरडं. मुळंही तेवढ्या अर्ध्या इंचातच घुटमळलेली. पाणीच वर मिळतंय म्हटल्यावर ती खाली कशाला जातील?

मग श्रीखंडाचे पाच रिकामे डबे लॉनवर मांडले आणि स्प्रिंकलर सोडला. इंचभर पाणी साठायला ४० मिनिटं लागली. कुंपणाकडच्या डब्यात मात्र जेमतेम अर्धा इंच. तो कोपरा दरवर्षी का वाळतो, ते तेव्हा कळलं. त्याआधी मी शेजाऱ्यांच्या मांजरीवर संशय घेत होतो.

आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे पाचला पाणी देतो. २० मिनिटं सोडायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा २० मिनिटं. आमची काळी माती एका दमात पाणी पीत नाही, सगळं गेटबाहेर वाहून जातं. आणि वार बघून नाही, गवत बघून देतो. तहानलेलं गवत निळसर-राखी दिसतं, पातं उभं दुमडतं. त्यावरून चाललं की पाऊल उमटतं आणि तसंच राहतं. पाऊल लगेच पुसलं गेलं तर त्या दिवशी सुट्टी.

अजून एक. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी लॉनला घालू नका. मी 'पाणी वाचवतो' म्हणून एकाच कोपऱ्यात ओतायचो. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. महिनाभरात तिथे मातीवर पांढरी पापडी धरली.

नाशिक

आमच्याकडे लॉन वाळवणाने जळालं. सासूबाईंनी प्लास्टिकचा मोठा कागद लॉनवर अंथरून कुरडया घातल्या. दोन दिवस कडक ऊन. कुरडया फक्कड झाल्या. कागद उचलला तर खाली पिवळाधमक चौकोन, कडा अगदी पट्टीने आखल्यासारख्या! "गवतच ते, येईल परत," म्हणाल्या. आलंही, पण जूनमध्ये. तोवर येणारा जाणारा विचारायचा, इथे टाकी होती का? आता वाळवण गच्चीवर.

छत्रपती संभाजीनगर

पिवळं पडलं की खत कमी पडलं, हा माझा समज. मेमध्ये लॉनला पाणी दिलं आणि ओल्या गवतावरच मूठमूठ युरिया फेकला. दाणे पात्यांना चिकटून बसले. दोन दिवसांत देवीचे व्रण उठावेत तसे डाग. खत कोरड्या गवतावर टाकायचं आणि लगेच भरपूर पाणी देऊन खाली उतरवायचं, हे नंतर कळलं. खरं तर त्या उन्हात युरिया द्यायचाच नव्हता, गवताला वाढायची नाही, तगायची घाई असते. आता फेब्रुवारीत चाळलेलं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड, की थेट पावसाळ्यात. शेणखत कच्चं नको, मुळं खाणारी हुमणी अळी घेऊन येतं.

कोल्हापूर

लॉनमध्ये लव्हाळ्याचं तण दिसलं तर उपटू नका, खणा. उपटला की गाठ आतच राहते आणि एकाचे चार होतात. बाकी आमच्याकडे वळीव येतो, त्यामुळे तुमच्याइतकं रडगाणं नाही.

सोलापूर

राग मानू नका, पण ४०० चौरस फुटांना एकदा इंचभर पाणी म्हणजे साधारण ९०० लिटर. ज्या गावात नळाला रोज पाणी नाही तिथे हे करणं मला पटेना. म्हणून लॉन काढून सरसकट शहाबादी फरशी घातली. पहिल्याच एप्रिलमध्ये शिक्षा मिळाली. रात्री दहापर्यंत फरशी धगधगायची आणि ती धग खिडकीतून थेट झोपायच्या खोलीत. शेवटी खोलीलगतची आठ फुटांची पट्टी उखडून पुन्हा हरळी लावली. तिला धुण्याचं शेवटचं, साबण निघून गेलेलं पाणी घालतो. हिरवीगार नाही, पण जिवंत आहे. फरशीवरही पश्चात्ताप नाही, स्कूटर ठेवायला झाली.

लंडनजवळून

इथलं गवत वेगळं, थंडीत खुश आणि उन्हात रुसणारं. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० च्या वर गेला. ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाइपने बागेला पाणी घालायला बंदी आली, झारीने चालत होतं. मी पुण्याच्या सवयीने रोज दहा झाऱ्या ओतल्या, पाठ धरली आणि लॉन अर्धवट हिरवं, अर्धवट तपकिरी. पलीकडच्या आजोबांनी थेंबही घातला नाही. ते शांतपणे म्हणाले, झोपलंय ते, झोपू दे. ऑक्टोबरात त्यांचं लॉन माझ्यापेक्षा एकसारखं होतं. ते मी अजून पचवतोय.

लातूर

लंडनच्या आजोबांचं आम्ही नाइलाजाने केलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं, ते आमचं गाव. घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि घरी येऊन लॉनला पाणी घालायचं, कुणाची हिंमत होणार? मी नळी गुंडाळून माळ्यावर टाकली.

मेअखेरीस अंगण म्हणजे नुसता भुसा. पायाखाली कुरकुर वाजायचं. एवढंच केलं की त्यावरून कुणाला जाऊ दिलं नाही, गाडी रस्त्यावर लावली आणि वाळलेलं गवत खरडून काढलं नाही, तसंच मातीवर राहू दिलं. शेजारी म्हणाले, आता पेव्हर ब्लॉक टाका. टाकणारच होतो, भावही काढला होता.

पाऊस लागला. आठवड्याभराने आई ओट्यावरून ओरडली, "अरे, हे बघ!" गुडघ्यावर बसून भुसा बाजूला केला तर गाठीगाठीतून सुईएवढे हिरवे कोंब. हरळीची मुळी म्हणतात ती हीच. पुढच्या बाजूला हौसेने लावलेलं मेक्सिकन लॉन मात्र तुकड्यातुकड्यांनीच आलं, मधल्या जागा पावसाळाभर तशाच राहिल्या.

त्या वर्षी गणपतीला दूर्वा विकत आणल्या नाहीत. एकवीस जुड्या आईने त्याच अंगणातून खुडल्या.