मदत हवी आहे : अपघात भरपाईच्या दाव्यासाठी वकील नेमताना काय विचारावे?

सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. दोन महिन्यांपूर्वी पलासिया चौकाजवळ एका मोटारीने माझ्या वडिलांच्या स्कूटरला धडक दिली. त्यांच्या मांडीच्या हाडात सळई घालावी लागली असून अजूनही ते वॉकर धरूनच न्हाणीघरापर्यंत जातात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा करायचा आहे आणि 2019 च्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली असल्याने उशीर परवडणारा नाही. एका वकिलांनी मिळणाऱ्या रकमेतला चौथा हिस्सा फी म्हणून मागितला. वास्तविक बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, त्यामुळे मन साशंक झाले आहे.

दावा अधिकरणापुढे (अपघात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायासनापुढे) वकिलांनी स्वतः किती प्रकरणे चालवली, साक्षीच्या दिवशी ते स्वतः उभे राहणार की कनिष्ठांना पाठवणार, अपंगत्वाचे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष कशी नोंदवणार, विमा कंपनीने तडजोड सुचवल्यास आम्हाला विचारल्याशिवाय होकार देणार नाहीत ना, एवढे प्रश्न मी वहीत लिहिले आहेत. यातून गेलेल्यांनी आणखी काय विचारावे, आणि फीचा करार लेखी कसा मागावा, हे कृपया कळवावे.