अरबी पुरुष-मासिकाचं लेआउट : पानं नुसती फ्लिप करून भागतं का?

पेठेतला_डीटीपीवाला
नमस्कार मंडळी, नारायण पेठेत आमचं छोटं डीटीपी युनिट आहे, दिवाळी अंक, स्मरणिका, शाळांची वार्षिकं असलीच कामं जास्त. आता ओळखीतून दुबईच्या एका क्लायंटचं काम आलंय, पुरुषांचं लाइफस्टाइल मासिक, घड्याळं, गाड्या, सूट, अत्तरं, यॉट वगैरे, म्हणजे बख्खळ पैसेवाला वाचक. इंग्रजी अंक तयार आहे, त्याचाच अरबी करायचाय, मजकूर भाषांतर होऊन येणार, आपण पानं लावून द्यायची. पार्टनर म्हणतो अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, तर सगळी पानं आरशासारखी फ्लिप मारू, मजकूर ओतू, आठवड्यात मोकळे. मला ते पटत नाहीये पण नेमकं कुठे अडेल ते त्याला सांगताही येत नाहीये. कोटेशन द्यायच्या आधी कुणी अनुभवी सांगाल का?

फर्मा_१६
पार्टनरला थांबवा आधी. पानाची रचना उलटते, फोटो नाही उलटायचे! घड्याळाचा फोटो फ्लिप केलात तर चावीची कळ उजवीकडची डावीकडे जाते, डायलवरचं नाव आरशातल्यासारखं दिसतं आणि तारखेची खिडकी भलतीकडेच. लाखोंची घड्याळं घेणारा माणूस हे एका नजरेत पकडतो, आणि जाहिरातदार तर पैसेच देणार नाही. सूटचंही तेच, पुरुषांच्या कोटाचा डावा पदर वर असतो, फ्लिप केला की तो बायकांच्या कोटासारखा लागलेला दिसतो. म्हणून फोटो आहे तसा ठेवून फक्त त्याची जागा बदला, आणि मॉडेल पानाच्या बाहेर बघत असेल तर दुसरा फोटो मागून घ्या.

आता मजकूर. पानं लावायचं सॉफ्टवेअर, इनडिझाईन, साधं चालणार नाही, क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये भाषा बदलून अरबी सपोर्टवालं पुन्हा इन्स्टॉल करा, मग डॉक्युमेंट सेटअपमध्ये बाइंडिंग उजवीकडून लावता येतं, परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (अरबी अक्षरं नीट जोडणारी सेटिंग) द्यायचा. आपण मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते ना, तसंच अरबीत जोडलेली अक्षरं सुटतात, त्यामुळे ट्रॅकिंगला हात लावू नका. ओळ भरायला तिथे कशीदा असतो, म्हणजे दोन अक्षरांमधली जोडरेघ लांबवतात, पण तीही जपून, प्रत्येक शब्दात ओढली तर पान बेढब दिसतं. आकडे मात्र अरबीतही डावीकडून उजवीकडेच वाचतात, त्यामुळे किमती, मॉडेल नंबर, फोन नंबर प्रत्येक ओळीत डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास उलटापालट होते. आणि अरबी वाचणारा प्रूफरीडर हवाच, कॅम्प-कोंढव्यात अरब देशांतून शिकायला आलेली मुलं आहेत, त्यांना रीतसर पैसे देऊन हे काम द्या.

रियाधहून_परत
वरच्यांनी तांत्रिक सगळं सांगितलं, मी वाचकाबद्दल सांगतो, बरीच वर्षं तिकडे जाहिरात क्षेत्रात होतो. हा वाचक इंग्रजी उत्तम वाचतो. एस्क्वायरची मिडल ईस्ट आवृत्ती २००९ पासून आहे, जीक्यूची २०१८ पासून, सौदीच्या एसआरएमजी समूहाचं 'अर्रजुल' तर मुळातच अरबी. एवढं हाताशी असताना तो अरबी अंक उघडतो तेव्हा त्याला आपलं असं काही हवं असतं, उरलंसुरलं भाषांतर नको.

पोशाखावर फार लक्ष द्या. कॅप्शनमध्ये सरसकट 'अरबी झगा' आलं तर संपलं. अमिराती माणसाचा कंदुरा बिनकॉलरचा, गळ्याशी लोंबता गोंडा, सौदीच्या थोबला बहुतेक वेळा कॉलर, डोक्यावर लाल-पांढरा शमाघ रुमाल, ओमानी माणूस कुम्मा टोपी घालतो. बिश्त म्हणजे जरीकाठाचा तो पातळ झगा, लग्नात, ईदला, मानाच्या प्रसंगी घालतात, २०२२ च्या विश्वचषक फायनलनंतर कतारमधल्या लुसैलला मेस्सीच्या खांद्यावर घातला होता तोच. तो साध्या कॉफीशॉपच्या फोटोत आला तर वाचकाला खटकणारच.

शिवाय सोनं आणि शुद्ध रेशीम पुरुषांनी वापरू नये असं धर्मात मानतात. सोन्याची घड्याळं घालणारे आहेतच, पण भेटवस्तूंच्या पानावर सगळं सोनंच नको, स्टील, प्लॅटिनम, चांदीची कफलिंक असं हवं. दारूची पानं इंग्रजी अंकात असतील तर अरबीत काय करायचं ते क्लायंटकडून लेखी घ्या. रमजानचा अंक केव्हा तेही विचारा, हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी साधारण १०-११ दिवस आधी सरकतो आणि जाहिरातींचा मोठा हंगाम तोच.

अत्तरवेडी
अंकात ऊद या सुगंधी लाकडावर पान असेल, त्याबद्दल एक. इंग्रजी अंकात ते बहुतेक परदेशी परफ्यूमच्या बाटल्यांसोबत येतं, पण तिकडे ऊद म्हणजे लाकडाचे तुकडे निखाऱ्यावर जाळून घरभर, कपड्यांना धूर देतात, पाहुण्यापुढे धूपपात्र फिरवतात, तेल अंगाला लावतात ते वेगळं. हे लाकूड अगर नावाच्या झाडाला बुरशी लागून आत राळ साठली की तयार होतं, आणि आपल्याच आसाममधलं होजाई या व्यापारासाठी नावाजलेलं आहे. क्लायंटला सुचवा की भारतातून होजाईवर एक फोटो-लेख देतो, मला खात्री आहे ते पान वाचलं जाईल. मनापासून सांगते, नुसती पानं लावण्यापेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे.

पेठेतला_डीटीपीवाला
काय माहिती दिलीत राव, पार्टनरला सगळा धागा वाचून दाखवला, फ्लिपचा विषय बंद. आता कोटेशन पानामागे देतोय, प्रूफरीडिंग वेगळं आणि फोटो बदलायचे तर तेही वेगळं. होजाईचं पण विचारतो. एकच राहिलं, प्रूफ कुठल्या वारी पाठवू? शुक्रवारी सुट्टी असते ना त्यांना?

रियाधहून_परत
दुबईत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी, सरकारी कार्यालयं शुक्रवारी अर्धा दिवस. सौदीत अजून शुक्रवार-शनिवार, म्हणजे रविवारी त्यांचं ऑफिस चालू. अंकाची जाहिरात टीम रियाधला असेल तर रविवारी सकाळी फोन येईल, कुणीतरी बसवा युनिटवर. प्रूफ बुधवारी संध्याकाळपर्यंत द्या, दोन्हीकडे गुरुवार पूर्ण मिळतो.