मदत हवी आहे: नागपूरच्या महाल भागातल्या बावडीसाठी (पायऱ्यांच्या विहिरीसाठी) निधी कुठून मिळेल? लवकर सांगा

पायरीवरून
आमच्या वस्तीत भोसल्यांच्या काळातली बावडी आहे. उत्तरेकडची कमान बसून राहिली, यंदाचा पावसाळा काढत नाही. अंदाजपत्रक चौदा लाखांचं निघालं आणि वर्गणी पन्नास हजारांवर सरकत नाही. दोन ठिकाणी अर्ज दिले, दोन्ही "त्रुटी" एवढं एकच लिहून परत आले. कुणी वारसा जतनाचं अनुदान घेतलं असेल तर नमुना अर्ज टाका. अर्जंट आहे.

चुनखडी
दादा, बावडी कुणाच्या नावावर आहे? शहराच्या हेरिटेज यादीत आहे का? अर्ज कुणाच्या नावाने दिला? हे कळल्याशिवाय नमुना देऊन काय होणार?

पायरीवरून
अर्ज आमच्या गणेश मंडळाच्या नावाने. बावडी सगळ्यांचीच आहे, आजोबांपासून पाणी भरत आलो.

इतवारीकर
सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीच्या मागे लागा, बाकी सगळं सोडा. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट ७ मध्ये वारसा जतन स्पष्ट लिहिलं आहे. ज्या कंपनीचा नफा पाच कोटींच्या वर, तिला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावेच लागतात. बुटीबोरी-हिंगण्यात कंपन्या कमी आहेत काय?

वाडीचा_बबन
इतवारीकर भाऊ, कंपनी मंडळाला असा पैसा देत नाही. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली पाहिजे, आयकराच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या पाहिजेत, तीन वर्षांचं काम पाहिजे, वर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा संस्थेच्या नोंदणीचा फॉर्म भरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. आमच्या संस्थेला यातच वर्ष गेलं. त्यापेक्षा आमदार निधी बघा. फक्त तो पैसा मंडळाच्या हाती येत नाही, काम सरकारी यंत्रणा करते. तुम्ही फक्त शिफारशीचं पत्र मिळवायचं.

इतवारीकर
आणि यंत्रणा कोणता मिस्त्री पाठवेल ते तुम्ही ठरवणार? जुनं बांधकाम कुणाच्याही हाती देता येत नाही.

गोधनी_ताई
बावडीत गप्पी मासे सोडा. हिवताप विभागाकडे मिळतात. डास होत नाहीत, आम्ही दोन वर्षांपासून सोडून राहिलो.

चुनखडी
पायरीवरून, मंडळाची नोंदणी आहे का, आणि घटनेत उद्देश काय लिहिला आहे? "गणेशोत्सव साजरा करणे" एवढाच असेल तर बावडीसाठी अनुदान कुठलंच कार्यालय देणार नाही. उद्देशात बदल करून त्याची नोंद घ्यावी लागेल. आणि चौदा लाखांत काय काय धरलं?

पायरीवरून
नोंदणी आहे, उद्देश बघून सांगतो. कामात सिमेंट पॉइंटिंग (सांधे सिमेंटने भरणं), आतून प्लास्टर, वर जाळी, सभोवती पेव्हर ब्लॉक.

चुनखडी
हेच थांबवा, मी हात जोडून सांगतो. जुन्या दगडाच्या सांध्यात चुना असतो. चुना ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट घट्ट बसलं की ओल दगडातून वाट काढते, क्षार दगडात साठून फुलतात आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे निघतात. आतून प्लास्टर केलं तर झऱ्यांची तोंडंही बुजतील. पेव्हर ब्लॉकचा खर्च काढा आणि चुन्याचं अंदाजपत्रक वास्तुसंवर्धनाचा अनुभव असलेल्या माणसाकडून करून घ्या. अर्जासोबत तेच पाहिजे.

वाडीचा_बबन
आमच्या मोहल्ल्यातली विहीर सिमेंटनेच बांधली, दहा वर्षं उभी आहे.

चुनखडी
उभी आहे, मान्य. उन्हाळ्यात पाणी किती राहते तेही सांगा.

वाडीचा_बबन
हो, पाणी कमी झालं. पण त्याला आजूबाजूच्या बोअरवेलही कारण आहेत.

सिव्हिल_लाइन्स
बावड्यांआधी झीरो माइलचं बघा. १९०७ चा खांब आहे, गावाची ओळख आहे.

इतवारीकर
तो जीटीएस म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा मापदर्शक खांब आहे. "देशाचा मध्यबिंदू" त्यावर कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा.

हिरवळ
पिंपळ असेल तर तोडू नका! ५० वर्षांवरची झाडं राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीपासून हेरिटेज वृक्ष ठरतात.

पायरीवरून
पिंपळ आहे, पण मनगटाएवढा, कमानीच्या सांध्यातून निघालेला. त्यानेच दगड सरकून राहिले. काल खाली उतरून पाहिलं. तिसऱ्या पायरीच्या काठावर दोराने झिजलेल्या खाचा आहेत, बोट आत जाईल इतक्या खोल. माझी आजी तिथूनच पाणी ओढायची. त्याच पायरीला आता भेग गेली आहे. म्हणून घाई करतो आहे, समजून घ्या.

चुनखडी
मूळ ओढून काढू नका, कमान सोबत येईल. परवानगी घेऊन वरून छाटा, मूळ जागीच मारा, मग सांधे चुन्याने भरा. पण त्याआधी कमानीला धिरे (लाकडी टेकू) द्या. धिऱ्याला अनुदान लागत नाही.

रामटेकवाली
जिल्हा वार्षिक योजनेत गडकिल्ले, मंदिरं, संरक्षित स्मारकं यांच्यासाठी ३ टक्के निधी ठेवतात. बावडी संरक्षित नसेल तर पुरातत्त्व विभागाकडे तसा प्रस्ताव द्यावा लागतो, त्याला वेळ लागेल. काही करा, आधी सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिका (जागा कुणाच्या नावावर आहे त्याचा उतारा) काढा. दोन्ही अर्ज तिच्यावाचूनच परत आले असतील.

पायरीवरून
काढली, आत्ताच हाती आली. रामटेकवाली ताई, तुम्ही म्हणता तेच निघालं. धारक म्हणून एका कुटुंबाचं नाव आहे, शेवटची नोंद त्या घरातल्या आजोबांची. वारस चढलेच नाहीत. सार्वजनिक असल्याचा कुठेच उल्लेख नाही. आणि घटनेतला उद्देश खरंच गणेशोत्सवापुरता आहे.

चुनखडी
मग अडलं कुठे ते सापडलं. आधी वारसांना भेटा. वारस नोंद करून त्यांची लेखी संमती घ्या, जमल्यास नोंदणीकृत. तोवर मंडळाचा ठराव आणि उद्देशाचा बदल सुरू करा. चौदा लाख यंदा मिळणार नाहीत, हे मी स्पष्टच सांगतो. कमान मात्र यंदाच वाचवायची आहे.

पायरीवरून
त्या घरच्या आजी उमरेडला लेकीकडे राहतात. रविवारी जातो. धिऱ्यांसाठी आठ-नऊ फुटी जाड लाकडी बल्ल्या लागतील, कुणाकडे असतील तर सांगा.

इतवारीकर
माझ्याकडे सहा आहेत, सागाच्या. टेम्पो तुम्ही पाहा. सकाळी सातच्या आत या, मग रस्त्यावर गर्दी होते.