मदत हवी आहे: 'आणि'च्या आधी अर्धविराम चालतो का?

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या सहलीचं पत्रक माझ्या गळ्यात पडलंय (दहावीला मराठीत बरे मार्क होते, एवढाच गुन्हा). मी लिहिलं होतं: 'वाई, ढोल्या गणपती, मेणवली, घाट, नाना फडणवीसांचा वाडा, सातारा, अजिंक्यतारा, चार भिंती.' शेजारच्या काकूंनी बोटावर मोजलं आणि म्हणाल्या, "अगं, एका दिवसात आठ ठिकाणं? माझे गुडघे बघ जरा!" गावं तर तीनच आहेत.

मग अर्धविराम घातले: 'वाईत ढोल्या गणपती; मेणवलीत घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा; साताऱ्यात अजिंक्यतारा, चार भिंती.' आता गाव कुठलं, त्यातलं ठिकाण कुठलं, हे चटकन कळतं.

गाडं अडलंय ते शेवटी. 'साताऱ्यात'च्या आधी 'आणि' हवासा वाटतो. 'राम, श्याम आणि गोपाळ' मध्ये 'आणि'च्या आधी स्वल्पविराम नाही, हे शाळेपासून डोक्यात पक्कं आहे. तोच नियम अर्धविरामालाही लावायचा का? तो काढला तर 'घाट आणि वाडा आणि साताऱ्यात' अशी आगगाडी होते. ठेवला तर चिन्ह आणि 'आणि' दोन्ही, डोळ्याला खटकतं.

तुम्ही काय कराल? पत्रक उद्या संध्याकाळी छापायला द्यायचंय.