हाताने गोधडी शिवताना मधोमध फुगवटा येतो, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहते. आजीच्या चार सुती नऊवारी साड्या माझ्याकडे आहेत आणि थंडी सुरू होण्याआधी त्यांची गोधडी हाताने शिवून आईला द्यावी, अशी मनापासून इच्छा आहे. साडीला फॉल लावणे, उसवलेले शिवणे एवढे मला येते; गोधडी मात्र कधी शिवलेली नाही आणि घरात विचारावे असे आता कोणी राहिलेले नाही.

कापडाचा हिशेब जमला आहे. पन्हा ४५ इंच धरून नऊ वारांचे सव्वादोन वारांचे चार तुकडे केले आणि दोन-दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले, तर शिवणीत जाणारे कापड वजा न करता ८१ बाय ९० इंचांचे दोन थर एका साडीत निघतात. म्हणजे चार साड्यांचे आठ थर होतील.

या साड्यांना कात्री लावण्याआधी सराव म्हणून दोन जुन्या सुती चादरी आणि मध्ये एक सिंथेटिक साडी घालून ३६ इंचांचे चौकोनी दुपटे शिवले. चारही कडा आधी दुमडून घेतल्या आणि आजीच्या गोधडीत असतो तसा धावदोरा कडेपासून चौकोनात चौकोन असा आत आणत गेले. पहिल्या चार-पाच फेऱ्या सपाट बसल्या. पुढे वरचे कापड सुईबरोबर आत सरकत गेले आणि शेवटी मधोमध तळहाताएवढा फुगवटा उरला. तो दाबला की चुणी पडते, आणि उलट बाजूचे कापड मात्र ताणलेलेच राहते.

आजीची गोधडी एका कोपऱ्यात विरली आहे. त्या भोकातून जांभळे लुगडे, त्याखाली हिरव्या काठाचा तुकडा आणि त्याखाली धोतराचे पांढरे कापड दिसते. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर, आणि इतक्या वर्षांनंतरही मधोमध एकही चुणी नाही.

पाश्चात्त्य पद्धतीच्या क्विल्टमध्ये शिवण मध्यापासून बाहेर नेतात, म्हणजे जास्तीचे कापड कडेला सरकते आणि तिथे कापून टाकता येते. माझ्या कडा आधीच बंद असल्याने सैल कापडाला बाहेर पडायला वाटच उरली नाही, असे मला वाटते. पण आजीच्या कडाही बंदच होत्या. आई सांगते की आजी सगळे थर जमिनीवर ताणून पसरायची आणि त्यावरच बसून शिवायची. मी खुर्चीत बसून मांडीवर घेऊन शिवले आणि थर फक्त कडेला टाचण्यांनी धरले होते. फरक इथेच पडला असेल का? आधी वीत-वीत अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घालून मग कडेपासून आत आले, तर आठ थर एकत्र राहतील का? की मधली निसरडी सिंथेटिक साडीच मुळात चुकली?

दोऱ्याबद्दलही विचारायचे आहे. तीनच थरांत मशीनचा साधा दोरा दोनदा तुटला. आठ थरांसाठी जाड सुती दोरा एकेरी घ्यावा की दुहेरी, आणि सुई कोणती? अंगुस्तान तुळशीबागेतून आणले आहे.

पुण्यात कोणी प्रत्यक्ष शिकवत असेल तर कृपया कळवावे. शनिवार-रविवारी दुपटे घेऊन मी शहरात कुठेही येऊ शकते. त्याचा फुगवटा मुद्दाम उसवलेला नाही.