पूरक कोन ९० चे की १८० चे?

भाची सातवीत आहे, मराठी माध्यम. गृहपाठात गणित होतं, दोन पूरक कोनांपैकी एक दुसऱ्यापेक्षा ४०° ने मोठा तर दोघांची मापं काढा. तिने क्ष + क्ष + ४० = ९० असं समीकरण मांडलं, २५ आणि ६५ आले, आणि मागे उत्तर दिलंय ७० आणि ११०. आकडेमोड सगळी बरोबर. मोबाईलवर एका हिंदी व्हिडिओत तिने पूरक म्हणजे बेरीज ९० असंच ऐकलंय. मग खरं काय धरायचं?

— दोन्ही खरं आहे, आपापल्या भाषेत. मराठी पाठ्यपुस्तकात बेरीज ९० असेल तर कोटिकोन, १८० असेल तर पूरक कोन. हिंदीत मात्र ९० वाले पूरक आणि १८० वाले संपूरक. आणि त्रास असा की गणित दोन्हीकडून छान सुटतं, अपूर्णांक येत नाही, ऋण काही येत नाही, त्यामुळे पोरांना शंकाच येत नाही. समीकरण मांडायच्या आधी बेरीज किती ते समासात लिहायला लावा, खूप फरक पडतो.

आणि कोटिकोन हा शब्द तिला नीट समजावून सांगा हो, फार सुंदर शब्द आहे. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटि, कर्ण म्हटलंय. काटकोन सोडला की उरलेल्या दोन कोनांची बेरीज ९० च होते, म्हणजे ते एकमेकांचे कोटिकोन. पुढे कोसाइन शिकेल तेव्हा कोसाइन ३० म्हणजेच साइन ६० हे पाठ करावं लागणार नाही, कारण ६० हा ३० चा कोटिकोन, आणि कोसाइनला आपल्याकडे जुना शब्दच कोटिज्या आहे.

— ती विचारतेय कोटी म्हणजे शंभर लाख ना?

— तोही अर्थ आहे पण इथे त्याचा संबंध नाही. एकटा लिहिला की कोटी दीर्घ, समासात कोटिकोन ऱ्हस्व, हे पण बघून ठेवायला सांगा, वहीत निम्मी मुलं चुकवतात.

— कर्ण राहिला की! हिंदीत चौकोनाचा असेल तर विकर्ण म्हणतात, आपल्याकडे चौकोनाचाही कर्णच आणि काटकोन त्रिकोणाचाही कर्णच. आयतात काही बिघडत नाही, बाजू ६ आणि ८ तर कर्ण १०, कारण तोच रेषाखंड दोन्ही अर्थांनी कर्ण आहे. पण समांतरभुज चौकोन आला की मुलं कर्ण शब्द वाचून सरळ पायथागोरस लावून मोकळी होतात, तिथे काटकोन आहे का हे बघतच नाहीत. माझ्या मते शिक्षकांनी आकृतीत काटकोनाची खूण केल्याशिवाय बाजूंचे वर्ग करूच देऊ नयेत.